बांबूचा वाद आणि अवाजीची उदबत्ती

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला, बांबू जाळला की वंश बुडतो, तेव्हा उदबत्ती बंद करा, धूप लावा. काकांनी लगेच हात जोडले, आत्या विचारते मग पंढरपूरहून आणलेल्या चार पुड्यांचं काय करू, आणि दोन दिवस तेच चाललं. मी इकडे जपानात कोबेत बसून वाचतेय, मला हसूच येत होतं कारण इथल्या उदबत्तीत बांबूची काडीच नसते, नुसता मसाला.

मागच्याच महिन्यात आकाशीचा पूल ओलांडून अवाजी बेटावर एई नावाच्या गावी गेले होते. जपानची साधारण ७० टक्के उदबत्ती या बेटावर बनते. १८५० मध्ये साकाई शहराहून हे काम इथे आणलं, का तर हिवाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की जहाजं निघायची नाहीत आणि माणसं रिकामी बसायची. मग तोच वारा काड्या वाळवायला कामी आला! ताबू नावाच्या झाडाच्या सालीची पूड पाण्यात चिकट होते, त्यात चंदन वगैरे घालून गोळा मळतात आणि तो यंत्रातून आपल्या सोऱ्यातून शेव पडावी तसा पडतो. ओली काडी उकडलेल्या शेवयांसारखी लुळी असते. एक आजी फळीवर बोटांनी त्या सरळ करत होत्या, टोकं कापून परत गोळ्यात टाकत होत्या, मान वर नाही.

पण म्हणून जपानी तेवढं शुद्ध असं मी म्हणणार नाही, इथेही स्वस्त पाकिटात सेंटच असतो. आणि भारी चंदन म्हणजे यांच्या लेखी म्हैसूरचं. मसाला चिकटवायला तिकडे ताबू, आपल्याकडे जिगत, दोन्ही दालचिनीच्याच कुळातल्या झाडांची साल.

मला राग येतो तो वेगळ्याचाच. बांबूवर एवढं बोलतात, पण घरी बसून हजार काड्यांमागे ठरलेले पैसे घेऊन त्या वळणाऱ्या बायकांना काय मिळतं हे ग्रुपवर कधी कोणी विचारलंय? मसाल्यात काय आहे ते पुडीवर का नसतं? काडी तर किती वर्षं चीन-व्हिएतनामहून येत होती, २०२० मध्ये सरकारने तिच्यावरची ड्युटी १० वरून २५ टक्के केली, म्हणजे वंश बुडालाच तर नक्की कोणाचा बुडणार होता देव जाणे.

हे सगळं लिहिलं ग्रुपवर. काका गप्प. आत्याने एवढंच विचारलं, तुझ्या त्या जपानी पुडक्याला किती पडले गं? रुपयात सांगितलं तर म्हणाली, अगं बाई, मग मी आपली खिडकी उघडून हीच लावते.