तटस्थाचे हाल

बोस्टनच्या परिसरात राहणाऱ्या माणसाची दोन गोष्टींपासून सुटका नसते : एक बर्फ आणि दुसरा टॉम ब्रेडी. बर्फ निदान एप्रिलपर्यंत वितळतो. ब्रेडी मात्र २०२० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा इथला फुटबॉल संघ सोडून फ्लोरिडात टँपा बे बकनिअर्सकडे निघून गेला, २०२३ साली खेळातूनही निवृत्त झाला, तरी इथल्या न्हाव्याच्या दुकानात, किराणा दुकानाच्या रांगेत आणि कचऱ्याचे डबे रस्त्यावर आणून ठेवण्याच्या सकाळी तो ठाण मांडून बसलेलाच असतो. भेटेल तो माणूस हवापाण्याच्या चार गोष्टी झाल्या की अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण, असे विचारतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असते. त्याला त्याच्या उत्तरावर माझे शिक्कामोर्तब हवे असते. माझी अडचण अशी की हा खेळ मला मनापासून आवडतो, पण त्यातल्या कोणा एकाचा मी भक्त नाही, आणि भक्त नसलेल्या माणसाला या देशात खेळावर बोलण्याचा अधिकार असला तरी गप्प बसण्याचा अधिकार नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात आणि चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. सव्वाशे-दीडशे किलोंचे गडी त्याला आडवा करण्यासाठी धावून येत असताना, कोणता सहकारी कुठे मोकळा होईल हे दोन-तीन सेकंदांत ताडून त्याने चेंडू फेकायचा असतो, तोही सहकारी आहे तिथे नव्हे, तर तो पोहोचणार आहे तिथे. पुढची चाल कोणती, हे हल्ली प्रशिक्षक बाहेरून त्याच्या हेल्मेटात बसवलेल्या रेडिओवर सांगतात आणि चाल सुरू करण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज नियमाप्रमाणे बंद होतो. कानाशी चाललेली बडबड अशी आपोआप थांबण्याची सोय क्वार्टरबॅकसाठी आहे; दंतवैद्याच्या खुर्चीत पडलेल्या माणसासाठी नाही.

आमचे दंतवैद्य सज्जन गृहस्थ आहेत. त्यांच्या भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र लहान आणि ब्रेडीचे छायाचित्र मोठे आहे, यातच सारे आले. मागच्या हिवाळ्यात माझ्या खालच्या दाढेपाशी भुलीची सुई टोचून, ओठांच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी अडकवून आणि गालात कापसाचा बोळा कोंबून झाल्यावर त्यांनी विचारले, “मग, तुमच्या मते कोण?” जबडा बधिर झालेल्या माणसाला जेवढे बोलता येते तेवढे मी बोललो, म्हणजे “आँ” असा आवाज काढला. त्यांनी तो “मोंटाना” असा ऐकला. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या जो मोंटानाने सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, चार वेळा जिंकला आणि ब्रेडीने सात वेळा, हा हिशेब ते मला बोटांवर मोजून दाखवू लागले. आणि सातापर्यंत मोजायला दोन्ही हात लागत असल्यामुळे प्रत्येक मोजणीच्या वेळी त्यांना हातातले यंत्र खाली ठेवावे लागत होते. संघ दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात, त्या २००० सालच्या निवडीत ब्रेडीच्या आधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले आणि ब्रेडीचा क्रमांक १९९वा लागला, ही कथा मात्र त्यांनी भूल उतरायच्या आत संपवली, हे त्यांचे उपकारच म्हणायचे.

घरी यावे तर तिथे आमची सौ. आहे. पूर्वी तिला या खेळाचे काडीचे प्रेम नव्हते. पण ५ फेब्रुवारी २०१७ रोजी ह्यूस्टनच्या सुपर बोलमध्ये तिसऱ्या क्वार्टरमध्ये अटलांटा फाल्कन्सचे २८ आणि पेट्रियट्सचे ३ गुण असताना ती सहज म्हणून सोफ्यावर येऊन बसली आणि पेट्रियट्सनी बरोबरी साधून, जादा वेळेत ३४-२८ असा सामना जिंकेपर्यंत उठली नाही. आपण बसलो म्हणून ते जिंकले, असे ती उघडपणे म्हणत नाही. पण सोफ्याची ती जागा तेव्हापासून इतर कोणाला मिळालेली नाही. आमच्या घरात ‘अठ्ठावीस-तीन’ हा आता वाक्प्रचार झाला आहे. पाहुणे यायला तासभर उरलेला असताना पिठात हात घातलेला नसला तरी ती शांतपणे म्हणते, “अठ्ठावीस-तीन”, आणि मी मुकाट्याने कांदे चिरायला लागतो.

थँक्सगिव्हिंगला माझे मामा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन होजेहून येतात तेव्हा खरी कसोटी लागते. मामा नोकरीसाठी तिकडे गेले ते १९८१ साली, आणि पहिल्याच हिवाळ्यात, १० जानेवारी १९८२ रोजी, त्यांनी भाड्याच्या खोलीतल्या टीव्हीवर मोंटानाला डॅलस काउबॉइजविरुद्ध खेळताना पाहिले. सामन्याचे शेवटचे मिनिट, डॅलसचे तीन राक्षस अंगावर आलेले, मोंटाना उजवीकडे पळत पळत मैदानाच्या कडेला पोहोचलेला, आणि तिथून त्याने उंच फेकलेला चेंडू ड्वाइट क्लार्कने उडी मारून बोटांच्या टोकांवर झेलला. अमेरिकेत हा झेल ‘द कॅच’ म्हणूनच ओळखला जातो. मामा तो जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली, लोणच्याची बरणी आणि तीन वाट्या घेऊन करून दाखवतात. क्लार्कची उडी दर वर्षी थोडी वाढते, आणि गेल्या खेपेला लोणच्याची बरणी दिव्याच्या झुंबराला लागता लागता राहिली. मोंटाना तो चेंडू खरे तर मैदानाबाहेर भिरकावून देत होता आणि क्लार्क मध्ये आला, असे डॅलसचे लोक म्हणतात. ते मामांसमोर म्हणू नये.

“सूनबाई, जरा ऐकून घे,” मामा बरणी खाली ठेवून सुरू करतात. “चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला. चौदा नाही, चोवीस नाही, एकशे बावीस चेंडू फेकले त्या चार सामन्यांत, आणि एकही विरोधकांच्या हातात पडला नाही. तुमचा ब्रेडी तीनदा हरला.”

“मामा, हरायला तिथपर्यंत पोहोचावे लागते,” सौ. म्हणते. “तो दहा वेळा पोहोचला. मोंटाना १९८७च्या जानेवारीत न्यूयॉर्क जायंट्सकडून ४९-३ असा हरून मधूनच घरी गेला, ते तुमच्या हिशेबात धरायचे नाही?”

मला विचाराल तर तिचा हा मुद्दा बिनतोड आहे. अंतिम सामना हरणे हा कलंक आणि त्याआधीच बाहेर पडणे हा मात्र दैवाचा फेरा, असे मानणारा हिशेब कोणत्याही वाण्याने फाडून टाकला असता. परंतु मामांकडे अशा वेळी राखून ठेवलेला चेंडू असतो आणि त्यात हवा कमी असते. जानेवारी २०१५मध्ये इंडियनापोलिस कोल्ट्सविरुद्धच्या सामन्यात पेट्रियट्सचे चेंडू नियमापेक्षा कमी हवेचे निघाले, त्यावरून खटले झाले आणि अखेर ब्रेडीला २०१६च्या हंगामातले पहिले चार सामने घरी बसावे लागले. थंडीत हवा आकुंचन पावते, हा सौ.चा युक्तिवाद तयारच असतो. त्या काळात बोस्टनमध्ये शाळेत विज्ञानात जेमतेम पास झालेली माणसेसुद्धा तापमान आणि दाब यांचा संबंध फळ्यावर सूत्र मांडून सांगत होती. शिक्षा भोगून आलेल्या त्याच हंगामाच्या शेवटी ब्रेडीने अठ्ठावीस-तीनचा पराक्रम केला, हे सौ. शेवटी सांगते, आणि मामा लोणचे मागतात.

या दोघांच्या भांडणात भर घालायला शेजारचे आजोबा येतात. ते ऐंशीच्या घरातले, मूळचे बाल्टिमोरचे आणि जॉनी युनायटसचे भक्त. पिट्सबर्गच्या संघाने १९५५ साली एकाही सामन्यात न खेळवता काढून टाकलेला आणि मग सामन्याला सहा डॉलरवर स्थानिक संघात खेळलेला हा पोरगा बाल्टिमोर कोल्ट्सकडे आला आणि २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जायंट्सना जादा वेळेत २३-१७ असे हरवून अजिंक्यपद घेऊन गेला. या आजोबांचे दुःख वेगळेच आहे. मार्च १९८४मध्ये मालकाने एका रात्रीत सामान वाहून नेणाऱ्या ट्रकांमध्ये सारा संघ भरला आणि इंडियनापोलिसला नेला. जुन्या बायका नवऱ्याचे नाव घ्यायची वेळ आली की जशा पदर दाताखाली धरायच्या, तसे हे आजोबा त्या शहराचे नाव आले की ओठ मिटतात आणि पश्चिमेकडे हात करतात. त्यामुळे पाच वेळा हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरलेल्या पेटन मॅनिंगचा विषय आमच्या टेबलावर निघूच शकत नाही, कारण तो नेमका त्या हात केलेल्या दिशेला चौदा वर्षे कोल्ट्सकडे होता.

आजोबांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे असते. युनायटसच्या हेल्मेटात कोणी बोलत नव्हते. चाल तो स्वतः ठरवायचा. त्याच्या सुरुवातीच्या काळात हंगामात सामने बारा असायचे, आज सतरा आहेत. चेंडू झेलायला धावणाऱ्या गड्याला बचावपटू मैदानभर ढकलू शकत होते. १९७८ साली नियम बदलून पाच यार्डांपलीकडे त्याला हात लावायची बंदी झाली आणि मग चेंडू फेकणाऱ्यांचे दिवस आले. तरीही लागोपाठ ४७ सामन्यांत टचडाउनचा, म्हणजे विरोधकांच्या गोलरेषेपलीकडे जाऊन गुण मिळवून देणारा, चेंडू फेकण्याचा युनायटसचा विक्रम १९६०पासून २०१२ साली ड्र्यू ब्रीजने मोडेपर्यंत टिकला. हे सारे खरे आहे आणि त्यावर आमच्या चिरंजीवांचे उत्तर एवढेच असते की काळ्या-पांढऱ्या चित्रफितीत सगळेच मोठे दिसतात.

चिरंजीव बोस्टनमध्ये जन्मले आणि कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सचे झाले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तीन सुपर बोल जिंकणारा, एकीकडे पाहत दुसरीकडे चेंडू फेकणारा महोम्स हाच पुढे सर्वांच्या वर जाणार, असे ते ठामपणे सांगतात. फेब्रुवारी २०२१मध्ये त्रेचाळीस वर्षांच्या ब्रेडीच्या संघाने महोम्सच्या संघाला ३१-९ असे लोळवले, याची आठवण आई करून देते तेव्हा चिरंजीवांचा आवाज चढतो. “आई, त्याला राखणारे दोन्ही बाजूंचे गडी, टॅकल, जखमी होते! एकटा माणूस काय करणार?”

हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. आपला माणूस जिंकला की तो एकटा जिंकतो आणि हरला की अकरा जण हरतात, हा या वादातला एकमेव नियम असा आहे, जो चारही पक्ष तंतोतंत पाळतात. ब्रेडीच्या सात विजयांपैकी पहिला, फेब्रुवारी २००२मधला, शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून पायाने मारलेल्या चेंडूवर मिळाला आणि तो पाय अॅडम व्हिनाटिएरीचा होता. फेब्रुवारी २०१५मध्ये सिअ‍ॅटलचा संघ विजयापासून एका यार्डावर असताना चेंडू हिसकावला तो माल्कम बटलर नावाच्या नवख्या बचावपटूने. ब्रेडी त्या वेळी कडेला उभा राहून तुमच्या-माझ्यासारखाच पाहत होता. दंतवैद्यांच्या सात बोटांमध्ये व्हिनाटिएरी आणि बटलर कुठेच नसतात.

गेल्या खेपेला मला सर्वानुमते लवाद नेमण्यात आले, कारण माझा कोणी लाडका नाही. मी म्हटले, नावे नंतर घेऊ, आधी प्रत्येकाने श्रेष्ठत्वाची कसोटी कागदावर लिहून द्यावी. चिठ्ठ्या आल्या. मामांच्या चिठ्ठीत होते, ‘अंतिम सामन्यात एकही चेंडू न गमावणारा.’ आजोबांनी लिहिले होते, ‘स्वतःची चाल स्वतः ठरवणारा.’ सौ.ची चिठ्ठी एका ओळीची होती : ‘सर्वांत जास्त वेळा जिंकणारा, विशेषतः पंचवीस गुणांनी मागे असताना.’ चिरंजीवांनी लिहिले होते, ‘जे आधी कोणी केले नाही ते करणारा’, आणि खाली एक छोटे चित्र काढले होते, ज्यातला माणूस चेंडूकडे न पाहता आमच्याकडे पाहत होता. नाव कोणीही लिहिले नव्हते आणि तरी प्रत्येक चिठ्ठीवर ते वाचता येत होते. सौ.ची कसोटी अक्षरशः लावायची तर क्लीव्हलंडच्या ऑटो ग्रॅहमचाही विचार करावा लागेल, १९४६ ते १९५५ या दहा हंगामांत तो दहाही वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि सात वेळा जिंकला, असे मी सुचवून पाहिले. चौघांनीही माझ्याकडे दयेने पाहिले. ग्रॅहमची बाजू घेणारा माणूस मला आजवर कचेरीत एकच भेटला आहे, आणि तो क्लीव्हलंडचा आहे. त्या गावाच्या संघाने अजून एकही सुपर बोल खेळलेला नसल्याने त्याला भूतकाळात राहण्यावाचून गत्यंतर नाही.

अशा वेळी तटस्थाच्या हाती एकच शस्त्र उरते, ते म्हणजे डॅन मरीनो. मायामीच्या मरीनोने १९८४ साली एका हंगामात ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन फेकले. तोवर पाच हजारांचा आकडा कोणी गाठला नव्हता. पण तो सुपर बोल कधीच जिंकला नाही. त्याचे नाव घेतले की चारही पक्ष एकदम हळवे होतात, काय हात होता म्हणतात आणि लगेच, पण जिंकला नाही बिचारा, म्हणून त्याला एकमताने बाद करतात. मी मरीनोचे नाव घेतले आणि टेबलावर चांगली दोन मिनिटे शांतता नांदली.

“बाबा, न जिंकल्यामुळे मरीनो बाद,” चिरंजीव चमचा खाली ठेवत म्हणाले, “तर बाल्टिमोर रेव्हन्सकडून २००१ साली सुपर बोल जिंकलेला ट्रेंट डिल्फर त्याच्यापेक्षा मोठा का?”

मग जे झाले त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. टीव्हीवर दर थँक्सगिव्हिंगप्रमाणे डॅलसचा सामना लागलेला होता आणि त्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. तेवढ्यात तिथल्या क्वार्टरबॅकने चेंडू सरळ विरोधकाच्या छातीवर नेऊन फेकला. मामा, आजोबा, सौ. आणि चिरंजीव या चौघांनी एकाच वेळी पडद्याकडे पाहिले आणि हा कसला क्वार्टरबॅक, असा निकाल एकमुखाने दिला. एवढे एकमत झालेले पाहून मला भरून आले. मसालेभाताचे पातेले उचलून मी वाढायला घेतले, तोच चिरंजीवांनी विचारले, “बाबा, मग आजवरचा सर्वांत वाईट कोण?”