अ, द आणि आत्या

मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवायला बसताना प्रश्न विचारण्याचा हक्क फक्त आपल्याकडे ठेवावा. नियम सांगावा, दोन उदाहरणं द्यावीत आणि मुलांनी 'का?' म्हणायच्या आत खोलीबाहेर पडावं. गणितात 'का'ला उत्तर असतं. विज्ञान तर 'का'वरच उभं आहे. इंग्रजीत बहुतेक 'का'चं उत्तर 'तसंच असतं' एवढंच असतं, आणि ते लागोपाठ दिलं की शिकवणाऱ्याची पत जाते.

हे काम माझ्याकडे आलं ते घरातल्या रीतसर ढकलाढकलीतून. दादा म्हणाला, "शिकवताना तुझ्या वहिनीचा आवाज चढतो." वहिनी म्हणाली, "ह्यांना स्वतःलाच येत नाही." मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "तुझं इंग्रजी छान आहे गं," दादा म्हणाला. आमच्या घरात कौतुक कधी सुटं येत नाही, त्याच्या मागे काम जोडलेलंच असतं. दुसऱ्या दिवशी थोरली आणि धाकटा आपापल्या वह्या घेऊन माझ्यासमोर हजर. थोरली पाचवीत, धाकटा तिसरीत. थोरली शंका काढण्यात पटाईत, आणि धाकट्याला शंका काढावी लागत नाही, ती त्याला आपोआप येते.

धाकट्याने आल्या आल्या लिहिलं, 'आय गोड टू स्कूल.' वॉकचं वॉक्ड, टॉकचं टॉक्ड, मग गोचं गोड. मी लाल पेनाने रेघ मारून 'वेंट' लिहिलं. तो बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला.

"आत्या, यात गो कुठाय?"

आता खरी हकिगत सांगणं भाग होतं. गोचा एक जुना भूतकाळ होता, तो काळाच्या ओघात गळून पडला. मग 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, म्हणजे 'वेंट', गोच्या घरी येऊन राहिला तो कायमचाच. बिचाऱ्या वेंडला स्वतःसाठी 'वेंडेड' असा नवा भूतकाळ करून घ्यावा लागला.

"म्हणजे गोने चोरलं?"

"चोरलं नाही. घेतलं."

"विचारून?"

"भाषेत असं विचारत नाहीत रे."

"मला मात्र ताईचं पेन विचारून घ्यावं लागतं," धाकटा म्हणाला, आणि ताईचंच पेन घेऊन पुढचं वाक्य लिहू लागला.

यावर शास्त्र त्याच्या बाजूने आहे, ही आणखी एक पंचाईत. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांना पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा 'वग'. मग तसेच दोन दाखवून विचारलं, आता इथे दोन काय आहेत? मुलं म्हणाली, 'वग्ज'. हा शब्द त्यांनी कुठे ऐकलेला असणं शक्यच नव्हतं, कारण तो प्राणीच संशोधिकेच्या डोक्यातून आलेला. तेव्हा पाठांतराचा प्रश्न नव्हता. पोरांनी नियम आपला आपण काढला होता. त्याच न्यायाने 'गोड' लिहिणारं पोर व्याकरण चुकत नसतं, उलट इंग्रजीपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळत असतं. हे सगळं ऐकून घेतल्यावर धाकट्याने माझ्या लाल रेघेवर बोट ठेवलं. "मग ही कुणाची चूक?"

मी विषय बदलून अनेकवचनांकडे वळले. तिथे 'चाइल्ड्स' माझी वाट बघत होतं. 'चिल्ड्रन' हे तर दुहेरी अनेकवचन आहे. 'चिल्डर' हेच आधी अनेकवचन होतं; पुढे लोकांना तेवढ्याने भागेना, म्हणून त्याच्यावर आणखी एक अनेकवचनाचा प्रत्यय चढवला. ज्यांच्या घरात दोन मुलं आहेत त्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

'अ' आणि 'द'चं प्रकरण मात्र धाकट्याने मला बाजूला सारून स्वतःच हातावेगळं केलं. मराठीत ही भानगडच नसल्यामुळे मी बरीच प्रस्तावना करत होते: एखादी वस्तू पहिल्यांदा आली की अ, तीच पुन्हा आली की द, विशेषनामांना शक्यतो काही नाही. त्याने मध्येच थांबवलं. "कळलं. नवी ओळख असली की अ. ओळख झाली की द. आणि एकदम घरचा माणूस झाला की काहीच नाही. आई आधी बाबांना अहो म्हणायची, मग अरे म्हणायला लागली, आणि आता नुसतं बघते, तसं." इतकं सोपं करून सांगणारं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. वहिनीने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं होतं, पण ती काही बोलली नाही.

डू आणि मेक यांचाही निकाल त्यानेच लावला. होमवर्क 'डू' करायचा आणि मिस्टेक 'मेक' करायची, असं का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्याकडे होतं. "अभ्यास बाईंनी आधीच बनवलेला असतो, आपण तो फक्त करायचा. चुका मात्र आपल्या आपल्यालाच बनवाव्या लागतात."

इथवर मी टिकून होते. खरी कसोटी पुढे आली. थोरलीच्या बाईंनी वर्गात जाहीर केलं की निबंधात यापुढे गुड, नाइस, बिग आणि व्हेरी हे शब्द दिसता कामा नयेत. नेमका शब्द वापरा. कल्पना उत्तमच आहे. नाइस हा शब्द एवढ्या ठिकाणी वापरून झिजलाय की त्याच्यातून आता काही दिसतच नाही. मी उत्साहाने थोरलीला थिसॉरस आणून दिला. सोबत त्याची जन्मकथाही सांगितली: पीटर रॉजे नावाच्या डॉक्टरने १८०५ मध्ये स्वतःच्या सोयीसाठी शब्दांच्या याद्या केल्या, आणि १८५२ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, त्या वाढवून छापल्या. शब्द त्याने अर्थाच्या कुळांप्रमाणे लावले. म्हणजे एका अर्थाचे सगळे भाऊबंद एकाच ठिकाणी सापडतात. त्यातला सज्जन कोण आणि तऱ्हेवाईक कोण, हे मात्र आपलं आपण ओळखायचं असतं.

थोरलीला ओळखीपाळखीत रस नव्हता. तिला जास्तीत जास्त लांबीचा शब्द हवा होता. 'माय फॅमिली' हा निबंध तिने एका संध्याकाळी लिहून काढला आणि मला वाचायला दिला. आजी 'ओल्ड' होती, ती 'अँटीक' झाली. बाबा 'थिन' होते, ते 'फ्लिम्झी' झाले. म्हणजे जोराचा वारा आला तर दादाला आत घ्यावं लागेल. भाऊ 'ब्राइट' होता, तो 'ल्युमिनस' झाला. म्हणजे दिवे गेले तर त्याला बाहेर आणावं लागेल. आई 'किप्स द हाउस क्लीन' होती, तिथे 'स्टेराइल' आलं होतं.

मी एकेक शब्द घेऊन बसले. स्लिम, स्लेंडर, स्किनी, स्क्रॉनी या चौघांचा अंगकाठीपुरता अर्थ एकच, पण पहिल्या दोघांनी माणूस खूश होतो आणि नंतरच्या दोघांनी बोलणं टाकतो. मराठीत आपण सडपातळ, शिडशिडीत, हडकुळा आणि काटकुळा यांच्यात गल्लत करतो का? नाही करत. कारण कुणाला काय म्हटलं की घरात भांडण होतं हे आपल्याला लहानपणापासून पाहून पाहून ठाऊक असतं. परक्या भाषेत ही भांडणं पाहायला मिळत नाहीत, म्हणून शब्दाचा स्वभाव कळत नाही. कोशात अर्थ मिळतो, भांडण मिळत नाही. थोरलीने हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग फ्लिम्झीवर बाबा भांडतील का?" मी म्हटलं, विचारून बघ. तिने विचारलं. दादाने अर्थ माहीत नसल्यामुळे "व्हेरी गुड" म्हणून शाबासकी दिली, आणि त्यातले दोन्ही शब्द वर्गात बाद असल्याचं थोरलीने त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

निबंध मी दुरुस्त करून दिला. शेवटचा परिच्छेद मात्र तिने मला दाखवलाच नव्हता, कारण तो माझ्यावर होता आणि तिला मला नंतर सरप्राइज द्यायचं होतं. निबंध शाळेत गेला. दोन दिवसांनी बाईंचा वहिनीला फोन. आवाज हळवा. "मुलांच्या आत्यांची तब्येत आता कशी आहे?" वहिनीने मला पुढच्या खोलीत धडधाकट बघितलं आणि चक्रावून वही मागवली. थोरलीने आधी लिहिलं होतं, 'माय आंट हॅज अ बिग हार्ट.' बिग बाद असल्यामुळे कोशात शोधून तिने केलं होतं, 'माय आंट हॅज अॅन एनलार्ज्ड हार्ट.' रॉजे डॉक्टर होता, त्याला हे निदान पटलं असतं.

यानंतर माझं धोरण बदललं. शब्द राहू द्या, शब्दाची जागा बघा, म्हणून मी त्यांना 'ओन्ली' शिकवला. एकच शब्द वाक्यात इकडचा तिकडे केला की अर्थ कसा पालटतो, हे शिकवायला याच्यासारखं साधन नाही. योग असा की त्याच आठवड्यात धाकट्याने वर्गात एका मुलाला ढकललं आणि शाळेने धाकट्याला इंग्रजीत माफीपत्र लिहून आणायला सांगितलं. मी घरी पोचले तेव्हा थोरली त्याची वकील म्हणून टेबलावर बसली होती. "बघ, 'आय ओन्ली पुश्ड हिम' म्हणजे नुसतं ढकललं, मारलं नाही. 'आय पुश्ड ओन्ली हिम' म्हणजे बाकी कुणाला हात लावला नाही. 'ओन्ली आय पुश्ड हिम' म्हणजे तुझे मित्र सुटले. काय हवंय तुला?" धाकट्याने विचार करून तिन्ही वाक्यं लिहिली. माफीचा शब्द पत्रात कुठेच नव्हता.

विरामचिन्हांच्या धड्याला मुलांची झोप उडावी म्हणून मी अमेरिकेतल्या मेन राज्याचा खटला सांगितला. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती. यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द, आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नाही. दूध कंपनीचे ड्रायव्हर म्हणाले, म्हणजे इथे फक्त पॅकिंग सांगितलंय, मग ते शिपमेंटसाठी असो वा डिस्ट्रिब्यूशनसाठी. आम्ही पॅकिंग करतच नाही, आम्ही माल पोचवतो, तेव्हा आमचे पैसे द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. दोघंही कधी नव्हे ते गप्प बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या वहीत वाक्य होतं: 'माय, डॉग, इज, ब्लॅक.' हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, "असू देत. पुढे कधी लागले तर."

शेवटी राहिला पॅसिव्ह व्हॉइस. हा धडा मी लांबवत आणला होता, कारण मोठी माणसं त्याचं काय करतात हे मला ऑफिसात रोज दिसतं. तिथे 'मिस्टेक्स वेअर मेड' असतं, 'फाइल वॉज मिसप्लेस्ड' असतं. कुणी केलं ते वाक्यात नसतं. मुलांना तो शिकवला आणि त्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीतून काच फुटल्याचा आवाज आला. मी धावत गेले. दोघं भिंतीला टेकून उभी, मधे चेंडू, आणि काचेची फुलदाणी जमिनीवर सर्वत्र.

"काय झालं?"

"द व्हाज वॉज ब्रोकन," थोरली म्हणाली.

"बाय?"

"बाय लिहिलंच पाहिजे असं नाही, तूच म्हणालीस."

म्हणालेच होते. मी वही मागवली आणि धाकट्याला फर्मान सोडलं: हेच वाक्य अॅक्टिव्ह व्हॉइसमध्ये लिही, कर्त्यासकट, आणि नेमका शब्द वापर. त्याने पेन्सिल चावली, बहिणीकडे पाहिलं, फुलदाणीच्या तुकड्यांकडे पाहिलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'द फ्लोअर ब्रोक द व्हाज.'

कर्ता होता. भूतकाळ बरोबर होता, 'ब्रेक्ड' नव्हतं. दोन्हीकडे 'द' होता. स्वल्पविराम एकही फालतू नव्हता. मी वाक्याखाली बरोबरची खूण केली आणि केरसुणी आणायला गेले.