‘वाफ्याची वीट झाली’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘बेंटोनाइट टाकून रेताड वाफ्याची वीट झाली. नुसतं कंपोस्ट पुरलं असतं. लेखकाने कधी फावडं हातात धरलंय का?’ रेताड वाफ्यात बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमातीची पूड, मिसळावी, या माझ्या लेखावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया. तीन वाक्यं, त्यातलं एक निव्वळ टोमणा. मातीचे नमुने तपासण्यात माझी वीस वर्षं गेलीत, आणि नमुना फावड्यानेच काढतात. असो.

एक चूक माझी. लेखात ‘दोन-तीन मुठी’ लिहिलं, वजन द्यायला हवं होतं. पण आपण तर अख्खं २५ किलोचं पोतं १० चौरस फुटांत रिकामं केलंत, तेही वरच्या ५ सेंटिमीटरमध्येच. तेवढ्या थरात रेती असते जेमतेम ७० किलो. याला वाफा नव्हे, विटांचा गारा म्हणतात!

१५ सेंटिमीटर खोलीपर्यंत एका चौरस मीटरमध्ये रेती भरते सुमारे २२५ किलो. तिच्या १ टक्का, म्हणजे सव्वादोन किलोपासून सुरुवात करायची. कोरडी पूड आधी चाळलेल्या कोरड्या कंपोस्टात, मग ते मिश्रण कोरड्या रेतीत. पाणी सगळ्यात शेवटी, झारीने. ओल्या रेतीत पूड पडली की तिचा बाहेरचा थर फुगून लेप बसतो, आत पाणी शिरत नाही आणि गुठळ्या तशाच राहतात.

पोत्यात कोणता प्रकार होता, हे मात्र आपण लिहिलेलंच नाही. तळ्याची गळती बुजवायला सोडियम बेंटोनाइट वापरतात, बागेला कॅल्शियमचा लागतो. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन रेतीतल्या पोकळ्या बुजवतात, आणि वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. पारख सोपी आहे: मोजपात्रात १०० मिली पाणी घेऊन २ ग्रॅम कोरडी पूड चिमूटचिमूट सोडा, आधीची बुडाली की पुढची. दुसऱ्या दिवशी साका २० मिलीच्या वर गेला, तर तो माल वाफ्यात नको.

कंपोस्ट? घाला की, कोणी अडवलंय! ते कुजून कमी होत जातं, चिकणमाती राहते. पोटॅश आणि अमोनियम ही पोषकद्रव्यं ती धरून ठेवते. नायट्रेट नाही, हेही लेखात होतं. वाचलं असतंत तर.

आता वाफा ३० सेंटिमीटर खोल खणा. तेच पोतं तिथे ६ टक्क्यांच्या आसपास येतं. माल सोडियमचा निघाला तर जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) मिसळून भरपूर पाणी द्या, म्हणजे सुटलेलं सोडियम खाली वाहून जाईल. फावडं आपल्याकडे आहेच.