मोहाला एकच ओळ?
गडचिरोलीवरचा लेख आवडला, मार्कंडाचं मंदिर आलं, भामरागडचा इंद्रावती-पर्लकोटा-पामुलगौतमचा संगम आला, फोटो पण मस्त, पण मोहाच्या झाडाला फक्त एक ओळ आणि ती पण दारूची, हे वाचून खरंच वाईट वाटलं. अहो मार्च-एप्रिलमधे पहाटे एकदा जाऊन बघा, झाडाखाली पिवळट पांढरी फुलं पडलेली असतात, रसाळ, बोटांना चिकटतात, आणि बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला बसलेली असतात, मग ती अंगणात वाळवतात, वाळली की तांबूस होऊन मनुकांसारखी दिसतात. त्याचे लाडू होतात, भाकरीतही घालतात, बियांचं तेल निघतं. कित्येक घरांचं वर्षभराचं मीठमिरचीचं गणित त्याच्यावर चालतं हो, त्याला नुसतं दारूचं झाड म्हणू नका प्लीज. लाल मुंग्यांच्या चटणीला पण "विचित्र पदार्थ" म्हटलंय ते खटकलं, माडिया आदिवासींचं ते रोजच्या जेवणातलं आहे, आंबट झणझणीत, एकदा भातासोबत खाऊन बघा मग बोलू.

आणि जंगल टिकलंय ते आपोआप नाही, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मधे सामूहिक वनहक्क मिळाले, म्हणजे जंगल सांभाळायचा आणि त्यातला माल विकायचा गावाचा हक्क, सुमारे 1800 हेक्टरवर, 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकते. पुढचा भाग लिहाल तेव्हा तिथं नक्की जा, आणि ग्रामसभेत नुसतं बसून ऐका.