‘दोरी फिरवा, बेल्ट आणा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘गॅरेजवाला’ या नावाने लिहिणारे साहेब,

मारुतीच्या जिप्सीत जुन्या बलेनो गाडीचं १.६ लिटरचं इंजिन बसवताना, क्रँकवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून) पाण्याचा पंप आणि वीज बनवणारा अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट आणि त्याच्या पुल्या कशा निवडाव्यात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी ती इथे देतो : “बेल्टसाठी एवढं पुराण कशाला? पुल्यांवरून दोरी फिरवायची, मापाचा बेल्ट आणायचा, विषय संपला. आमच्याकडे वीस वर्षं असंच चालतं. पुस्तकी ज्ञान पाजळून नवख्या पोरांना घाबरवू नका. फॅन इलेक्ट्रिक लावला की निम्म्या भानगडी मिटतात.”

आधी भाषेबद्दल. मत वेगळं असेल तर जरूर मांडा, पण ‘ज्ञान पाजळणं’ कशासाठी? त्या लेखात मी एकाही मेकॅनिकला नावं ठेवलेली नाहीत. ज्याने पदरचे पैसे घालून इंजिन आणलंय, त्याच्या हाताशी चार मापं असावीत, एवढ्यासाठी लिहिलं. आणि पुस्तकी म्हणाल, तर माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. शाळा सुटली की माझा मुक्काम लेथपाशी. पुलीची खाच कापून झाली की तिच्यात गेज धरून उजेडाची फट बघायची, हे मी कळायला लागल्यापासून बघत आलोय. पुस्तकं फार नंतर हातात आली.

लेख लांबला, हे मान्य. क्रँक पुलीचा फोटोही अंधारा आहे, तो बदलतो.

आता तुमची दोरी. व्ही खाचेत दोरी टाकली की ती तळाला जाऊन बसते. बेल्ट तळाला टेकत नाही, टेकताच कामा नये. तो दोन्ही बाजूंच्या उतारांवर पाचर बसावी तसा आवळून बसतो आणि त्याची पाठ पुलीच्या काठाच्या आसपास राहते. ए सेक्शनचा, म्हणजे व्ही बेल्टच्या एका ठरलेल्या मापाचा, बेल्ट घ्या : वरून १३ मिमी रुंद, ८ मिमी जाड. त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या लांबीत फरक पडतो २ गुणिले पाय (३.१४) गुणिले ८, म्हणजे ५० मिमी. पुल्या दोन असोत की तीन, लहान असोत की मोठ्या, फरक तेवढाच. त्यात बेल्टवर छापलेला आकडा आतला, मधला की बाहेरचा, हे बेल्टच्या प्रकारावर ठरतं. दोरीचं माप सांगून बेल्ट मागितला, तर दुकानदाराने यातलं कुठलं माप धरायचं? ५० मिमी चुकले तर अल्टरनेटर निदान २५ मिमी सरकवावा लागतो. त्याच्या पट्टीच्या खोबणीत तेवढी जागा शिल्लक आहे का, हे तुमचं तुम्हीच बघा.

लांबी बरोबर आली असं धरून चालू. इंजिन बदलताना पुल्या एका घरच्या नसतात, सगळा घोळ तिथे होतो. क्रँकची पुली एका गाडीची, पंपाची दुसरीची, अल्टरनेटर भंगारातून उचललेला. १३ मिमीच्या खाचेत १० मिमीचा बेल्ट घातला तर तो साधारण साडेचार मिमी खाली उतरतो. म्हणजे त्या पुलीचा कामाचा व्यास ९ मिमीने घटला. दोरीला यातलं काय कळणार?

माझ्या मित्राच्या जिप्सीत एका गॅरेजने असाच दोरीने मोजून बेल्ट टाकला होता. गगनबावड्याला करूळ घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जायला लागला. बॉनेट उघडलं तर बेल्ट जागेवर, दिसायला धडधाकट. तो उतरवून पंपाच्या पुलीत बॅटरीचा झोत मारला, तेव्हा खाचेचा तळ घासून पांढरा लखलखीत झालेला दिसला आणि दोन्ही भिंतींवरचा जुना गंज जसाच्या तसा. बेल्टने भिंती धरल्याच नव्हत्या, तो नुसता तळावरून घसरत होता. त्या पोराला मी घाबरवलं नव्हतं साहेब, तो घाटातच घाबरला होता.

पॉली-व्ही, म्हणजे आतून बारीक व्ही धारा असलेला चपटा बेल्ट असेल तर दोरीचा उपयोग आणखी कमी. ‘४पीके ८९०’ म्हणजे ४ धारा आणि ८९० मिमी लांबी, हे तुम्हाला माहीत असणारच. दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिमी. दोन पुल्यांमध्ये २०० मिमी अंतर असेल आणि बेल्ट १ अंश जरी तिरका गेला, तरी साडेतीन मिमीचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खी धार. बेल्ट एक खाच चुकून बसतो, इंजिन सुरू होतं, सगळं ठीक वाटतं आणि पुढे कधीतरी कडेची धार सोलून निघते. दोरी तिरकी गेली तरी तेवढीच भरते. म्हणून मी पोलादी पट्टी लावायला सांगितली होती, तीही पुलीच्या तोंडावरून नव्हे, खाचेपासून मोजून, कारण प्रत्येक पुलीची कड वेगळी असते.

फिरण्याच्या दिशेचंही तेच. बेल्टच्या पाठीवर चालणारा पंप उलटा फिरतो आणि त्याची पाती त्याच दिशेसाठी घडवलेली असतात. तो सरळ फिरवला तर पाणी पुरेसं ढकलत नाही. दोरी दोन्हीकडून सारखीच फिरते.

एवढ्यासाठी मी लिहिलं होतं की क्रँक, पंप आणि अल्टरनेटर या तिन्ही पुल्या एकाच इंजिनाच्या घ्या आणि बेल्टचा प्रकार क्रँक पुली बघून ठरवा. या एका वाक्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही.

इलेक्ट्रिक फॅन लावा की, कुणी अडवलंय! बलेनोत इंजिन आडवं असतं, तिथे फॅन इलेक्ट्रिकच होता. जिप्सीचा फॅन पंपाच्या पुलीवर. तो काढला तरी पंप बेल्टवरच राहतो. यावर जास्त काय बोलायचं.

राहिली तुमची वीस वर्षं. त्याच गाडीच्या त्याच पुल्यांवरचा बेल्ट बदलताना दोरीसुद्धा लागत नाही, जुना बेल्ट हातात असतो. ते काम तुम्ही उत्तम करत असाल, शंका नाही. माझा लेख दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवण्याबद्दल होता. १२० मिमीच्या क्रँक पुलीपुढे पंपाला १०० ऐवजी १२५ मिमीची पुली लागली, तर क्रँकच्या एका फेऱ्यामागे पंपाचे फेरे १.२ वरून ०.९६ वर येतात. पंप पाचव्या हिश्श्याने मंदावतो, आणि दोरी व्यवस्थित मोजून त्याला अगदी मापाचा बेल्टही मिळतो. तुम्ही इंजिन बदललेली एखादी गाडी आज गॅरेजात असेल, तर तिच्या क्रँकच्या आणि पंपाच्या पुलीचा व्यास मोजा, त्या इंजिनाच्या मूळ पुल्यांचेही मोजा आणि चारही आकडे इथे लिहा. मग पुढचं बोलू.