सिमेंटचा पत्रा खोडला, प्लेटीचं छप्पर राहू दे

काका, तीस वर्षं सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या पाळीव मधमाश्या, पाळताय असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून हक्काने काका म्हणते. मधपेटीला भंगारातून छप्पर कसं करायचं या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पत्र्याखाली मे महिन्यात माश्या भाजून निघतील, छापखान्यातल्या वापरून झालेल्या धातूच्या प्लेटीवरची शाई मधात उतरेल, आणि सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे सुचवणं हा बेजबाबदारपणा आहे. शेवटी लिहिलंत, 'पैसे नसतील तर माश्या पाळू नका.'

सिमेंटच्या पत्र्याचं आधी बोलते. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा कापला, त्याला भोक पाडलं की त्याचे तंतू उडतात आणि श्वासातून फुफ्फुसात जाऊन तिथेच बसतात. मी तर ते तुकडे घराच्या गॅलरीत, तोंडाला साधा रुमालही न बांधता कापले होते. तो परिच्छेद काल रात्रीच काढला. लेख वाचून कोणी असे तुकडे आणून ठेवले असतील, तर कृपा करून कापू नका, फोडू नका.

आता उन्हाचं. पत्रा तापतोच. माझी चूक ही झाली, की छप्पर म्हणजे नुसता पत्रा नव्हे हे मी लेखात नीट सांगितलंच नाही. माझ्या पहिल्या पेटीला आतल्या झाकणावर थेट पत्रा ठोकला होता. ऐरोलीला, खाडीच्या बाजूला, गच्चीवर. एप्रिलच्या मध्याला दुपारी दोन वाजता वर गेले, तर दाराशी माश्यांचा घोस लोंबत होता आणि बाकीच्या ओळीने उभ्या राहून पंखांनी वारा घालत होत्या. झाकणाला तळवा लावला तो चटकन मागे घ्यावा लागला. पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, ३४-३५ अंश लागतात. त्याच्या वर पारा गेला की कामकरी माश्या मकरंद सोडून पाणी वाहायला लागतात. मेण वितळतं ६२-६४ अंशांना, पण त्याच्या बरंच आधी नवं पोळं मऊ पडून स्वतःच्याच वजनाने सुटतं. पाचव्या दिवशी पेटी रिकामी होती. दोन चौकटींवर थोडा पिलावा तसाच मागे राहिला होता. सातेरी सोसत बसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. मला ते त्या दिवशी कळलं.

त्यानंतर बदललं ते एवढंच. मे अखेरीला वाशीच्या फळबाजारात आंब्याच्या लाकडी पेट्या पडून असतात, त्यांच्या पट्ट्या काढल्या. आतल्या झाकणावर त्या उभ्या ठोकून दोन सेंटिमीटरची पोकळी ठेवली आणि पत्रा त्यांच्यावर. पोकळी पुढूनमागून उघडी, फक्त मच्छरदाणीची जाळी लावलेली. वरून पांढरा ऑइलपेंट. पुढच्या उन्हाळ्यात तीच गच्ची, तेच ऊन, आणि आतल्या झाकणावर हात निवांत ठेवता येत होता. खालून वारा खेळत असेल तर पत्रा कशाचा आहे याने फारसा फरक पडत नाही, असं माझं मत झालंय.

पावसाळ्यातही ती पोकळीच कामाला येते. आपल्याकडे चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर कोसळतो. पाणी आत येऊ नये म्हणून मी एका वर्षी पत्र्याखाली बॅनरचा फ्लेक्स अंथरला. जुलैत उघडीप पाहून झाकण उचललं, तर फ्लेक्सच्या पोटाला थेंबच थेंब आणि खालच्या लाकडावर हिरवट बुरशी. बाहेरचा पाऊस आत आलेलाच नव्हता. पेटीची स्वतःची वाफ कोंडून तिचं पाणी झालं होतं. फ्लेक्स तिथून कायमचा काढला.

शाईची भीती मात्र मला पटत नाही. प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असते. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून साबणाने धुवायची, छापलेली बाजू वर ठेवायची. मध्ये लाकडी झाकण असल्यामुळे माशीचा तिला स्पर्शही होत नाही. वरून पांढऱ्या रंगाऐवजी चुना मात्र लावू नका, ओला चुना अ‍ॅल्युमिनियमला खातो. आणि खिळा वरून मारू नका. कडा खाली दुमडून बाजूने मारा, म्हणजे पागोळी पेटीपासून लांब पडते आणि भोकातून पाणी झिरपत नाही.

तेलाच्या डब्याचा पत्राही मी करून पाहिला. उघडून सपाट केला तरी त्याची रुंदी जेमतेम ३५ सेंटिमीटर भरते, म्हणून जोड द्यावा लागतो. खाडीच्या हवेत कापलेली कड एका पावसाळ्यात गंजली. झाडाखालच्या पेटीला चालेल, ऐरोलीला नाही.

पैशांचं वाक्य मला लागलं. माझ्या पेटीचं छप्पर ३४ बाय ३२ सेंटिमीटर, चारी बाजूंना ७ सेंटिमीटर दुमड. म्हणजे ४८ बाय ४६ चा तुकडा. ०.३ मिलिमीटरच्या प्लेटीत तो १८० ग्रॅम भरतो. रबाळ्याच्या भंगारवाल्याने २०० रुपये किलोने दिली, म्हणजे छपरामागे ३६ रुपये. अर्धा मिलिमीटरचा लोखंडी पत्रा तेवढ्याच मापात पाऊण किलोच्या वर जातो. दिघ्याच्या एका ताईंनी घरामागे दोन पेट्या ठेवल्यात. माझ्याकडून माप नेलं, आणि दोरा लावून, चौरस तपासून माझ्याहून नेटकं छप्पर केलं. त्यांना मी काय म्हणून सांगू, की पैसे साठेपर्यंत थांबा? नवशिक्याने पहिली पेटी तयार घ्यावी, हे मला मान्य आहे. तिची मापं नीट असतात. पण दुसरीचं छप्पर त्याने स्वतः करावं.

तुम्ही येऊरच्या पायथ्याशी पेट्यांवर माडाची झापं बांधता, असं लिहिलंय. नैर्ऋत्येकडून झड येते तेव्हा मी त्या बाजूला फ्लेक्सचा आडोसा लावते, पण तो रात्रभर फडफडतो आणि माश्या चिडतात. झाप पेटीपासून किती लांब बांधता? आणि एका पावसाळ्यात ती किती वेळा बदलावी लागते? मृगाच्या आत सांगितलंत तर यंदाच बांधीन.