निरागसपणाचा मुद्दा पटला नाही

मुले निरागस असतात म्हणून येशूने बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे केले, हे लेखातले विधान मला पटले नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) १८व्या अध्यायात शिष्य ‘स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण?’ असे विचारतात, आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात तर ते कफर्णहूम गावाच्या वाटेवर याच गोष्टीवरून वाद घालत आलेले असतात. अशा माणसांसमोर, त्या काळच्या समाजात ज्याच्या शब्दाला काहीच वजन नव्हते ते मूल उभे करणे म्हणजे मोठेपणाची त्यांची मोजपट्टीच नाकारणे होते. मुलांचे रुसवेफुगवे येशूला ठाऊक होते. बाजारात बसून एकमेकांकडे तक्रार करणाऱ्या मुलांची उपमा मत्तयाच्याच ११व्या अध्यायात आहे.

इंदूरला आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत मी बरीच वर्षे शिकवते आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्याच वर्गातल्या एका आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून पायऱ्या चढताना मला इतका संकोच वाटला की, आजवर मी नम्रता समजत होते ती केवळ देणाऱ्याची नम्रता होती, हे मला तेव्हा कळले. वर पोहोचताच त्या मुलीने आपली पाण्याची बाटली उघडून देण्यासाठी सहज माझ्यापुढे धरली. मागताना तिला कसलाच कमीपणा वाटला नाही. मार्काच्या १०व्या अध्यायात देवाचे राज्य बालकासारखे ‘स्वीकारण्या’विषयी सांगितले आहे, आणि या स्वीकारण्यावर लेखात एकही वाक्य नाही, याची मला मनापासून खंत वाटते.